ढेकणं गेली गेली म्हणता परत कशी येतात? या चुका टाळा

पुण्यात पेठांमधे कॉट बेसिसवर राहिलेल्या कुणालाही विचारा, अभ्यासाच्या आधी ढेकणांचा विषय निघतो. आमच्या रूमवर आम्ही पाच जण होतो आणि ही भानगड सात महिने चालली, त्यातले निदान पाच महिने आमच्याच येडेपणामुळे वाया गेले, म्हणून लिहितोय.

पहिली चूक म्हणजे ओळखायलाच उशीर केला. एकाच्याच अंगावर गांधी उठायच्या, बाकी चौघांना काहीच नाही, मग आम्ही म्हणायचो तुझं रक्त गोड आहे रे, मच्छर चावत असतील. पण ढेकूण चावूनही कितीतरी जणांच्या अंगावर काही उठतच नाही, त्यामुळे खाज नाही म्हणजे ढेकूण नाही असं समजू नका. रात्री दोन-तीनला उठून मोबाईलचा टॉर्च मारा, गादीच्या शिवणीत पेनाच्या शाईसारखे काळे ठिपके, टाकलेली तपकिरी कात असं काही दिसलं की समजायचं.

मग आम्ही गाद्याच फेकून दिल्या. नवीन आणल्या, आठ दिवसात परत तेच! कारण ढेकूण गादीत जेवढा असतो तेवढाच प्लायच्या फटीत, खिळ्याच्या भोकात, लोखंडी कॉटच्या पोकळ पाईपमधे, स्विचबोर्डच्या मागे आणि फुगलेल्या पोपड्यांच्या आतसुद्धा असतो, एटीएम कार्ड सरकेल एवढी फट त्याला बास होते. शिवाय जुनी गादी जिन्यावरून ओढत नेली की वाटेत गळतात ते वेगळेच (खालच्या मजल्यावरचे काका आमच्याशी महिनाभर बोलत नव्हते, बरोबरच होतं त्यांचं).

आता सगळ्यात मोठी चूक, जी जवळजवळ सगळे करतात. एकदा फवारणी करायची आणि सुटलो म्हणायचं. मादी रोज एक-दोन, कधी जास्त अशी अंडी घालत राहते, ती मिलीमीटरभर, पांढरट आणि फटीत डिंकासारखी चिकटवलेली असतात. बरीचशी औषधं या अंड्यांवर नीट चालतच नाहीत. ६ ते १० दिवसात त्यातून पिल्लं निघतात आणि रक्त मिळत गेलं की साधारण सव्वा-दीड महिन्यात तीच अंडी घालायच्या वयाची होतात. म्हणजे तुम्ही मोठे मारले आणि अंडी ठेवली, तर महिन्या-दोन महिन्यात होतं तसंच. म्हणून दुसरी फवारणी दोन आठवड्यांच्या आसपास व्हायलाच पाहिजे, पेस्ट कंट्रोलवाल्याला पहिल्याच दिवशी विचारा की परत कधी येणार, आणि तो गुळमुळीत बोलला तर दुसरा बघा.

आणि दुकानातला मच्छरचा स्प्रे किंवा झुरळाचा खडू यावर पैसे घालवू नका. या औषधांच्या जातीला ढेकूण बऱ्याच ठिकाणी सरावलेत, डीडीटीला तर ते १९४० च्या दशकातच दाद देईनासे झाले होते. उलट स्प्रेने ते बिथरून भिंतीपलीकडच्या खोलीत जातात.

उन्हात गादी टाकणं वाईट नाही पण त्यावर विसंबू नका. वरचं कापड तापतं, आतला कापूस गारच राहतो आणि ढेकूण सावलीच्या बाजूला सरकतो. त्याला आणि अंड्यांना मारायला आतपर्यंत ५० अंशाच्या वर उष्णता पोचायला लागते. म्हणून लोखंडी कॉटच्या सांध्यात उकळतं पाणी ओतायचं, चादरी-कपडे कडकडीत गरम पाण्यात, गादीच्या शिवणीवर वाफ. आम्हाला औषधापेक्षा हेच लागू पडलं.

एक गोष्ट मात्र चेष्टेत घेऊ नका. धान्यात ठेवायच्या गोळ्या कुणी "एकदम जालीम आहे" म्हणून दिल्या तर घेऊच नका. हवेतल्या ओलाव्याने त्यातून फॉस्फिन वायू निघतो, तो शेजारच्या घरातही शिरतो, आणि त्यावर उतारा नाही. आपल्याकडे अशाने माणसं मेलीत, लहान मुलंसुद्धा. रॉकेल-पेट्रोल ओतणंही तसंच, ढेकूण राहतील आणि खोली पेटेल.

कंटाळून खोली बंद करून गावाला जाणं पण उपयोगाचं नाही, पोटात काही नसताना ढेकूण महिनोन्महिने काढतो. वर तुमच्या बॅगेतून तो गावाला पोचतो, आणि पोटुशी असलेली एकच मादी तिथं संसार थाटायला पुरते. आमच्यातल्या एकाने दिवाळीत घरी नेलेच, आईच्या शिव्या खाल्ल्या.

शेवटी जमलं ते पाचही जणांनी एकाच दिवशी सगळं सामान काढलं तेव्हा. एक जण "माझ्या कॉटवर नाहीयेत" म्हणत अडून बसला होता, त्याच्याच पुस्तकांच्या रॅकमधे सगळ्यात जास्त निघाले. फटी व्हाईट सिमेंटने बुजवल्या, कॉट भिंतीपासून लांब, पाय साबणाच्या पाण्याच्या वाट्यांमधे (नुसत्या गुळगुळीत वाट्या चालत नाहीत, आपल्याकडच्या गरम हवेतली जात त्या चढून जाते), आणि नंतर दोन महिने दर रविवारी टॉर्च घेऊन तपासणी.

तो रॅकवाला आता नोकरीला लागलाय, पण अजूनही कुठल्याही लॉजवर गेला की बॅग आधी बाथरूममधे ठेवतो, गादीची शिवण उचकून बघतो आणि मगच बसतो.