आधी कागद, मग मशीन

छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज औद्योगिक वसाहतीतल्या छोट्या कारखानदारांची एक ठरलेली सवय आहे. माणूस गेटवर आला, हात बरा चालतोय असं दिसलं की थेट मशीनवर. “मॅडम, आठ-पंधरा दिवस टिकतोय का बघू, मग कागद करू.” पीएफ-ईएसआयची कामं करताना हे वाक्य मी सारखं ऐकते, आणि पुढची बहुतेक भांडणं याच पंधरा दिवसांत रुजलेली असतात. म्हणून माझा आग्रह एकच आहे: माणसाचा हात मशीनला लागायच्या आधी त्याचे कागद पूर्ण करा.

सुरुवात ईएसआयपासून, म्हणजे कामगारांच्या सरकारी आरोग्य विम्यापासून करा. कारखान्यात दहा माणसं आणि पगार महिना २१,००० रुपयांपर्यंत, की ईएसआय लागू. नव्या माणसाच्या नोंदणीला दहा दिवसांची मुदत असते, पण ती मुदत वापरूच नका. प्रेस शॉपमध्ये बोट जायला दहा दिवस लागत नाहीत. अपघात सकाळी अकराला आणि विमा क्रमांक दुपारी दोनला, हे ईएसआयच्या पोर्टलवर लख्ख दिसतं. मग हजेरीपट, पगारपत्रक, मागची सगळी दप्तरं बाहेर काढावी लागतात. नोंदणी लांबवून वाचतं किती, तर मालकाचा हिस्सा ३.२५ टक्के, पंधरा हजारांच्या पगारावर पाचशे रुपयेसुद्धा होत नाहीत.

पीएफ वीस माणसांपासून लागू होतो. दोघांचे बारा-बारा टक्के, भरणा पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत. घोळ होतो तो जुन्या खात्यावरून. “माझा पगार पंधरा हजारांच्या वर आहे, मला पीएफ नको,” असं म्हणणाऱ्याला आधी विचारा, मागच्या कंपनीत कापत होते का? खातं चालू असेल तर नव्या ठिकाणीही कापावाच लागतो. हे तोंडी विचारून सोडू नका, फॉर्म ११ वर, म्हणजे जुन्या पीएफ खात्याची माहिती लिहून द्यायच्या अर्जावर, त्याची सही घ्या.

आता नाव आणि जन्मतारीख. इथे मी सगळ्यात जास्त वेळ घालवते. आपल्याकडे जो भेटेल त्याचा वाढदिवस १ जूनला! शाळेत नाव घालताना मास्तरांनी लिहिली ती तारीख. आधार काढताना आईनं नुसतं साल सांगितलेलं, म्हणून तिथे १ जानेवारी. शेखचं इंग्रजी स्पेलिंग आधारवर एक, पासबुकावर दुसरं. बाईचं आधार सासरच्या नावाचं, टीसी माहेरच्या. रुजू होण्याच्या आदल्या दिवशी माणसाला बोलवा. आधार, पॅन, पासबुक, टीसी टेबलावर शेजारी शेजारी ठेवा आणि अक्षर न् अक्षर ताडून बघा. फरक असेल तर त्याला तिथूनच दुरुस्तीला पाठवा. नाहीतर काही वर्षांनी पोरीच्या लग्नाला पीएफ काढताना अर्ज परत येतो आणि माणूस तुमच्याच केबिनबाहेर उभा राहतो. जन्मतारखेत आणखी एक धोका असतो. पैठण-गंगापूरकडचं एखादं पोरगं अंगानं दांडगं दिसतं, पण अठरा पूर्ण नसतात. धोक्याच्या कामावर अठराच्या आतलं कुणीही चालत नाही, आणि चौदाच्या आतल्याला तर कुठल्याच कामावर ठेवता येत नाही. “त्यानं सांगितलं नाही” ही सबब ऐकून घेत नाहीत.

जुने कामगार कायदे एकत्र करून केलेल्या चार कामगार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या, तेव्हापासून नेमणूकपत्र सगळ्यांना द्यायचं आहे, हेल्परलासुद्धा. दोन पानं पुरतात आणि ती मराठीत असावीत: काम काय, पगाराची फोड, वेळ, साप्ताहिक सुट्टी, प्रोबेशन किती, नोटीस किती. एक प्रत त्याला, एक सही घेऊन फाइलला. पगाराची फोड करताना मूळ पगार कमी आणि भत्ते जास्त दाखवायची जुनी युक्ती सोडा. मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून निम्म्याच्या खाली ठेवले, तर निम्म्यावरचे भत्ते आता पगारातच धरतात. किमान वेतनाचा विशेष भत्ता जानेवारी आणि जुलैत बदलतो, तेव्हा गेल्या वर्षीचा तक्ता समोर ठेवून पगार ठरवू नका.

आता काय घ्यायचं नाही ते सांगते. मूळ मार्कशीट ठेवून घेऊ नका. कोऱ्या कागदावर सही नको, तारीख न घातलेला राजीनामा तर मुळीच नको. उचलीबद्दल मात्र जरा थांबून बोलायला हवं. बीडकडच्या ऊसतोडीची उचल आपल्या इतकी अंगवळणी पडलीय की कारखान्यातही “वीस हजार दिलेत, फिटेपर्यंत जायचं नाही” असं सर्रास म्हणतात. ॲडव्हान्स द्या, त्याची चिठ्ठी करा, पगारातून लेखी ठरलेला हप्ता कापा. पण पैशाच्या बदल्यात माणूस अडकवून ठेवला, की १९७६ चा वेठबिगारीविरोधी कायदा समोर येतो, आणि तो फौजदारी आहे. प्रशिक्षणावर खरोखर खर्च केला असेल तर बाँड चालू शकतो. एका बँकेच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टानं २०२५ मध्ये तीन वर्षांचा, दोन लाखांचा बाँड ग्राह्य धरला. ते अधिकारीपदाचं प्रकरण होतं. तीन दिवस ड्रिल शिकवून लाखाचा बाँड मागणं मला तरी लाजिरवाणं वाटतं.

मेडिकल करून घेताना लॅबचं पॅकेज नीट वाचा. त्यात एचआयव्ही असेल तर खोडायला लावा. नोकरीची अट म्हणून ती चाचणी २०१७ च्या कायद्यानं बंद आहे. मुलाखतीत बाईला “लग्न कधी, लेकरू कधी” विचारू नका. उलट नेमणुकीच्या वेळीच प्रसूती रजेची माहिती तिला लेखी द्यायची असते. दहा माणसं असतील तर लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समितीही लागते, आणि तिच्यातली नावं नव्या माणसाला पहिल्याच दिवशी कळायला हवीत.

नुसतं “ट्रेनी” म्हटलं म्हणून कुणी ट्रेनी होत नाही. आयटीआयच्या पोरांना ॲप्रेंटिस घ्यायचं तर सरकारच्या ॲप्रेंटिस पोर्टलवर करार नोंदवा. नोंद नसेल तर तो तुमचा कामगारच. तसंच सात महिन्यांनी ब्रेक देऊन परत घेणं. वर्षात २४० दिवस भरले की माणसाला सहज काढता येत नाही, ते भरू नयेत म्हणून केलेला हा खेळ कोर्टाला पाठ झालाय, त्याला अनुचित प्रथाच म्हणतात. प्रोबेशन संपायची तारीख मोबाइलमध्ये लावून ठेवा आणि त्याआधी कायम की नाही, ते पत्र द्या.

माणसं ठेकेदाराकडून घेतली तरी जबाबदारी टळत नाही. त्यानं पगार बुडवला, पीएफ भरला नाही, तर वसुली तुमच्याकडे येते. म्हणून बिल पास करण्याआधी पीएफ भरल्याचं चलन मागा, आणि नुसत्या चलनावर भागवू नका, सोबत नावांची यादी मागा. चलन दुसऱ्याच कारखान्याच्या माणसांचं असू शकतं. यादीतली नावं आणि तुमच्या गेटच्या रजिस्टरमधली नावं जुळली, तरच सही करा.