माशावर पांढरे ठिपके दिसले तर

मासा दगडावर अंग घासतोय, पर मिटून कोपऱ्यात थांबलाय आणि शेपटीवर बारीक मीठ भुरभुरल्यासारखे ठिपके दिसताहेत? हा बहुतेक ‘इक’ नावाच्या परजीवीचा त्रास. मात्र विणीच्या काळात गोल्डफिशच्या नराला कल्ल्यांच्या झाकणांवर असेच ठिपके येतात. तो आजार नव्हे, उगाच औषध घालू नका.

ठिपका म्हणजे कातडीखाली बसलेला परजीवी. तिथे औषध पोहोचत नाही. तो गळून तळाशी जातो, एकाचे शेकडो होतात आणि ते नवा मासा शोधत पोहतात. औषधाने मरतात ते याच वेळी. म्हणून ठिपके गेले की लगेच औषध थांबवणं ही सगळ्यात मोठी चूक. बाटलीवर लिहिलेले दिवस पूर्ण करा, तेही अख्ख्या टाकीत. एकच मासा बाजूला काढून भागत नाही.

गप्पी, मॉलीसारख्या माशांसाठी हीटरने पाणी रोज एखाद-दोन अंश वाढवत 30 पर्यंत न्या, हे चक्र लवकर पुरं होतं. गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, एअर पंप रात्रीही चालूच ठेवा. औषधाआधी फिल्टरमधला कार्बन काढा, तो औषध शोषून घेतो.