कुत्रा किंवा मांजर अचानक आजारी पडल्यास: दवाखान्यात पोहोचेपर्यंत काय करावे

पाळीव प्राण्याचे दुखणे नेमके रात्री किंवा रविवारी दुपारी, म्हणजे नेहमीचा दवाखाना बंद असतानाच उघडकीस येते, असा बहुतेक प्राणिपालकांचा अनुभव आहे. अशा वेळी घरी करता येण्याजोगे उपचार थोडेच असतात. मात्र ते वेळेवर करणे, भलते काही न करणे आणि थांबता येईल की लगेच निघायला हवे हे ओळखणे, या तीन गोष्टींवर पुष्कळ काही अवलंबून असते.

हे ओळखता यावे म्हणून प्राणी ठणठणीत असतानाच त्याची नेहमीची स्थिती पाहून ठेवावी. तो गाढ झोपलेला असताना छातीची हालचाल अर्धा मिनिट मोजून दुप्पट करावी. कुत्र्यामांजरांत हा आकडा सहसा मिनिटाला ३० च्या आत असतो आणि झोपेतही तो सतत त्यापुढे जाऊ लागला, तर हृदयाची किंवा फुप्फुसांची तपासणी करून घ्यावी. ओठ वर उचलून हिरडी पाहावी. ती गुलाबी व ओलसर असावी आणि बोटाने दाबल्यावर पांढरी पडलेली जागा दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी व्हावी. ज्या कुत्र्यांच्या हिरड्या मुळातच काळ्या असतात, त्यांच्या खालच्या पापणीची आतली बाजू पाहावी. पांढरीफटक हिरडी रक्तस्राव, रक्तक्षय किंवा रक्ताभिसरण मंदावल्याची खूण असते, निळसर हिरडी प्राणवायू कमी पडत असल्याची, तर पिवळी हिरडी काविळीची. कुत्र्यामांजरांच्या शरीराचे तापमान माणसापेक्षा जास्त, साधारण १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असते, त्यामुळे हाताला अंग गरम लागले म्हणून ताप आहे असे समजू नये. डिजिटल तापमापीच्या टोकाला व्हॅसलीन लावून गुदद्वारात मोजलेलेच तापमान खरे मानावे.

सर्वांत जास्त घात होतो तो गाजावाजा न करणाऱ्या आजारांत, आणि त्यांत बोक्याची लघवी तुंबणे हे पहिले. बोका वारंवार मातीच्या ट्रेमध्ये जाऊन बसतो, पाठ वाकवून कुंथतो, थेंबभर लघवी होते किंवा तीही होत नाही, आणि मध्येच तो लिंगाचा भाग चाटत राहतो. घरच्यांना वाटते की बद्धकोष्ठ झाले आहे, म्हणून एरंडेल किंवा तूप देऊन सकाळची वाट पाहिली जाते. वास्तविक मूत्रमार्गात खडे किंवा चिकट द्रव्य अडकल्यामुळे मूत्राशय फुगलेले असते, रक्तातील पोटॅशियम वाढत जाते आणि एक-दोन दिवसांत हृदय बंद पडू शकते. ट्रेमधील माती कोरडी आणि बोका कुंथत असेल, तर रात्रीचे दोन वाजले असले तरी निघावे. पोट दाबून लघवी काढण्याचा प्रयत्न घरी कधीही करू नये, कारण मूत्राशय फुटू शकते.

मोठ्या, खोल छातीच्या कुत्र्यांत, उदाहरणार्थ जर्मन शेफर्ड किंवा ग्रेट डेनमध्ये, पोट फुगून ढोलासारखे लागणे आणि उमाळे येऊनही काहीच बाहेर न पडणे हे जठराला पीळ पडल्याचे लक्षण असू शकते. यात मिनिटांचा हिशोब असतो आणि उपाय शस्त्रक्रिया हाच आहे. नसबंदीची शस्त्रक्रिया न झालेली कुत्री माजावर येऊन गेल्यानंतर काही आठवड्यांनी फार पाणी पिऊ लागली, जेवण टाकू लागली किंवा योनीमार्गातून पू येऊ लागला, तर गर्भाशयात पू झाल्याची शंका धरून त्याच दिवशी दाखवावे. लसीकरण अपुरे असलेल्या पिल्लाला उलट्यांबरोबर रक्ताचे, उग्र वासाचे जुलाब होत असतील, तर पार्व्हो या विषाणूजन्य आजाराची शक्यता मोठी असते आणि सलाइनला उशीर परवडत नाही. मांजर तोंड उघडून धापा टाकत असेल, तर ते कुत्र्यासारखे दमले आहे असे म्हणून सोडून देऊ नये. मांजरात ही श्वासाची गंभीर तक्रार असते.

फिट आल्यावर आपल्याकडे कांदा फोडून हुंगवण्याची किंवा चप्पल नाकाला लावण्याची जी धावपळ होते, तिचा काहीही उपयोग नाही. तोंडात हात किंवा चमचा घालू नये. प्राणी जीभ गिळत नसतो, मात्र बोट तुटू शकते. आजूबाजूचे फर्निचर दूर करावे, दिवे मंद करावेत, फिट किती वेळ टिकते हे घड्याळात मोजावे आणि जमल्यास मोबाइलवर चित्रण करावे, कारण डॉक्टरांना वर्णनापेक्षा ते अधिक उपयोगी पडते. फिट पाच मिनिटांहून लांबली किंवा चोवीस तासांत दुसरी आली, तर तो तातडीचा प्रसंग आहे.

विषबाधेचे सर्वांत मोठे भांडार बहुधा आपल्याच औषधांच्या डब्यात असते. पॅरासिटामॉल पचवण्याची यकृतातील यंत्रणा मांजरात अपुरी असल्याने ५०० मिलिग्रॅमची एक गोळीसुद्धा त्याचा जीव घेऊ शकते; रक्तातील लाल पेशी प्राणवायू वाहून नेऊ शकत नाहीत, हिरड्या तपकिरी होतात, तोंड व पंजे सुजतात. आयब्युप्रोफेन आणि डायक्लोफेनॅकने कुत्र्याच्या जठरात व्रण पडतात आणि मूत्रपिंडे निकामी होतात. म्हणून अंगदुखी दिसते आहे, अर्धी गोळी देऊन पाहू, हा विचार मनातही आणू नये. कुत्र्यावरच्या गोचिडांसाठी असलेले परमेथ्रिनयुक्त औषध मांजराला लावल्यास त्याला झटके येतात. खाण्यातले चॉकलेट, मनुका-बेदाणे, कांदा-लसूण आणि झायलिटॉल (साखरेऐवजी वापरला जाणारा गोड पदार्थ) असलेले शुगर-फ्री च्युइंग गम हेही कुत्र्याच्या वाटेपासून दूर ठेवावे. फुलदाणीतली लिली मांजराच्या मूत्रपिंडांचा घात करते. पराग अंगाला लागून चाटले गेले तरी पुरते.

उंदराच्या औषधाबाबत एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी. ब्रोमाडायोलोनच्या वड्या खाल्लेला कुत्रा पहिले दोन-तीन दिवस हसत-खेळत असतो, कारण रक्त गोठवणारे साठे संपायला तेवढा वेळ लागतो. त्यामुळे वडी खाल्ल्याचे कळताच, लक्षणे नसली तरी न्यावे, म्हणजे व्हिटॅमिन के देऊन रक्तस्राव टाळता येतो. करड्या-काळ्या झिंक फॉस्फाइडची गोष्ट उलट आहे: त्याचा जठरातील आम्लाशी संयोग होऊन विषारी वायू तयार होतो, म्हणून प्राण्याला खायला देऊ नये, आणि उलटीचा वायू माणसालाही बाधतो, म्हणून गाडीच्या काचा उघड्या ठेवाव्यात. कोणत्याही विषावर दूध पाजणे किंवा मिठाचे पाणी पाजून उलटी काढणे हे दोन्ही चुकीचे. मिठानेच वेगळी विषबाधा होते. उलटी काढायची की नाही हे डॉक्टरांनी फोनवर सांगितल्याशिवाय ठरवू नये, आणि अॅसिड, रॉकेल किंवा फिनाईल गेले असेल तर ती मुळीच काढू नये. वेष्टन, उरलेली गोळी, उलटीचा नमुना सोबत न्यावा.

उन्हाळ्यात, विशेषतः विदर्भ-मराठवाड्यातल्या मे महिन्यात, उष्माघाताला पग आणि बुलडॉगसारखे चपट्या नाकाचे कुत्रे सर्वांत आधी बळी पडतात. न थांबणारी धाप, दाट लाळ, विटकरी लाल हिरड्या, झोकांड्या अशी लक्षणे दिसताच आधी गार करावे आणि मगच गाडीत घालावे. नळाचे पाणी पोट, मांड्या व पंजांसह सर्व अंगावर ओतत राहावे आणि पंखा लावावा. ओला टॉवेल गुंडाळून ठेवू नये. तो थोड्याच वेळात गरम होऊन उष्णता आत अडकवतो. तापमान १०३ अंशांवर आले की पाणी ओतणे थांबवावे. प्राणी सावध दिसू लागला तरी तपासणी टाळू नये, कारण मूत्रपिंडांचा आणि रक्त गोठण्याचा बिघाड नंतर समोर येतो.

सर्पदंशात, मग तो नाग असो, मण्यार, घोणस की फुरसे, आवळपट्टी बांधू नये, चिरा देऊ नये. गळ्यातला पट्टा सोडावा, प्राण्याला चालू न देता उचलून न्यावे आणि प्रतिविष उपलब्ध आहे का हे निघतानाच फोन करून विचारावे. साधी जखम असेल तर स्वच्छ कापडाने पाच ते दहा मिनिटे न उचलता दाबून धरावे आणि कापड भिजले तर त्यावरच दुसरे ठेवावे. पावसाळ्यात जखमेत अळ्या पडल्यास रॉकेल किंवा फिनाईल ओतू नये. गाडीखाली आलेल्या किंवा गॅलरीतून पडलेल्या प्राण्याला फळीवर वा ताणून धरलेल्या चादरीवर उचलावे; तो चालत असला तरी फुप्फुसांना किंवा मूत्राशयाला मार लागलेला असू शकतो.

कुठे न्यायचे हे आधीच ठरलेले असावे. मुंबई-पुण्यात चोवीस तास चालणारे खासगी दवाखाने आहेत आणि मुंबईत परळला प्राण्यांचे बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय आहे. मुंबई, नागपूर, परभणी, उदगीर आणि शिरवळ येथील पशुवैद्यकीय महाविद्यालयांतही उपचार होतात. तालुक्याच्या ठिकाणी सरकारी श्रेणी-१ पशुवैद्यकीय दवाखान्यात पदवीधर पशुवैद्यक असतात, श्रेणी-२ मध्ये बहुधा पदविकाधारक पर्यवेक्षक. १९६२ हा टोल-फ्री क्रमांक फिरत्या पथकांचा आहे, पण ती मुख्यतः गुराढोरांसाठी आहेत; कुत्र्यामांजरासाठी त्यांच्यावरच विसंबून राहू नये. जवळच्या दोन दवाखान्यांचे क्रमांक, त्यांच्या रात्रीच्या वेळा आणि प्राण्याचे ताजे वजन लसीकरणाच्या कार्डाला चिकटवून ठेवावे, कारण औषधाची मात्रा वजनावर ठरते.

वेदनेत असलेला प्राणी मालकालाही चावतो. त्याला हात लावण्यापूर्वी पट्टीने तोंड सैलसर बांधावे. मात्र तो धापा टाकत असेल, उलट्या करत असेल किंवा चपट्या नाकाचा असेल तर बांधू नये, जाड चादरीत गुंडाळावे. तरीही चावलाच, तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटे धुवावी आणि प्राण्याला दाखवून झाल्यावर त्याच दिवशी आपणही सरकारी रुग्णालयात जाऊन रेबीजच्या लसीबाबत विचारावे, प्राण्याचे लसीकरण पूर्ण असले तरी.