चष्मा उतरल्यानंतरची रखरख : कोरड्या डोळ्यांची निगा

खालच्या पापणीच्या आत कागदाची एक अरुंद पट्टी अडकवतात आणि पाच मिनिटांत तिच्यावर ओल किती खाली उतरते ते मोजतात. दहा मिलिमीटर किंवा त्याहून जास्त उतरली तर ठीक, पाचच्या आत राहिली तर अश्रू नक्कीच कमी, असा साधारण हिशेब असतो. माझ्या उजव्या डोळ्याची पट्टी चारवर थांबली. त्याआधीचे आठ महिने मी गावातल्या मेडिकलमधून ॲलर्जीच्या गोळ्या आणून खात होतो, कारण डोळ्यांतून सारखे पाणी वाहत होते आणि पाणी वाहणारा डोळा कोरडा असेल, हे मनाला पटत नव्हते. वास्तविक बुबुळ कोरडे पडून चुरचुरले की डोळा घाईघाईने पातळ पाणी सोडतो, ते गालावर ओघळून जाते आणि बुबुळ पुन्हा उघडेच राहते. ॲलर्जीच्या बहुतेक गोळ्यांनी तर ही ओल आणखी घटते.

चष्म्याचा नंबर घालवणाऱ्या लेसर शस्त्रक्रियेत, म्हणजे लॅसिकमध्ये, बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याचा पातळ पापुद्रा उचलताना तिथल्या बारीक नसा कापल्या जातात. डोळा सुकला आहे, पापणी लवव, अश्रू सोड, हा निरोप याच नसा देतात. त्या पुन्हा वाढायला सहा महिने ते वर्ष लागते, आणि बहुतेकांचा त्रास तेवढ्या काळात ओसरतो. ज्यांचा ओसरत नाही, त्यांनी आपला दोष नेमका कोणता आहे हे आधी तपासून घ्यावे. काहींचे पाणी कमी असते, तर काहींच्या पापण्यांच्या कडेतील तेलाच्या ग्रंथी तुंबलेल्या असतात आणि असलेले पाणी तेलाच्या थराअभावी उडून जाते. पिवळा रंग घालून निळ्या उजेडात पाहिले की अश्रूंचा थर किती सेकंदांत फाटतो ते दिसते. दहा सेकंदांच्या आत फाटला तर तो टिकत नाही असे समजतात. या तपासण्या साध्या आहेत आणि सेवाग्रामच्या किंवा नागपूरच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या नेत्रविभागापर्यंत त्यासाठी एक चक्कर मारणे वर्षभर अंदाजाने औषधे घालण्यापेक्षा स्वस्त पडते.

कृत्रिम अश्रूंच्या थेंबांबाबत माझा सर्वांत मोठा धडा असा, की ते आग झाल्यावर नव्हे, आग होण्याआधी घालायचे असतात. डॉक्टरांनी दिवसातून सहा वेळा सांगितले असेल, तर सकाळी उठल्यापासून वेळा ठरवून घालावेत, आणि शेतावर किंवा एसटीने निघण्यापूर्वी एक थेंब जास्तीचा घालावा. दिवसाला चार-सहापेक्षा जास्त वेळा लागत असतील, तर प्रिझर्व्हेटिव्ह, म्हणजे औषध टिकवणारे रसायन, नसलेले थेंब मागावेत, कारण ते रसायन वारंवार गेले तर बुबुळालाच इजा करते. एका वेळी एकच थेंब पुरे, कारण दुसरा डोळ्यात मावत नाही आणि गालावर येतो. थेंब घातल्यावर डोळा हलकेच मिटून नाकाजवळचा कोपरा मिनिटभर दाबून धरावा, आणि दुसरे औषध असेल तर मध्ये पाच मिनिटे जाऊ द्यावीत. मे महिन्यात टिनाच्या खोलीत बाटली ठेवू नये. फ्रीज नसेल तर माठाजवळच्या थंड कोपऱ्यात, पाणी लागणार नाही अशी ठेवावी. बाटली फोडल्याची तारीख तिच्यावर लिहावी आणि साधारण महिन्याने, किंवा वेष्टनावर लिहिले असेल त्याप्रमाणे, ती फेकावी. गुलाबपाणी, मध, तूप यांतले काहीही डोळ्यात जाऊ देऊ नये, मग आजीने कितीही आग्रह धरो.

ग्रंथी तुंबलेल्या असतील तर शेक फार उपयोगी पडतो, मात्र शस्त्रक्रिया ताजी असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय पापणी दाबू नये. स्वच्छ सुती कापड सोसवेल इतक्या गरम पाण्यात बुडवून, पिळून, मनगटाच्या आतल्या बाजूला लावून पाहावे आणि मिटलेल्या डोळ्यांवर ठेवावे. ते मिनिट-दोन मिनिटांत निवते, म्हणून आठ-दहा मिनिटे पुन्हा पुन्हा बुडवावे लागते. नंतर वरची पापणी वरून खाली आणि खालची खालून वर, केसांच्या कडेकडे, बोटाने अलगद निपटावी. मोबाइलकडे पाहताना पापणी अर्धीच लवते. अधूनमधून ती मुद्दाम पूर्ण मिटावी.

आपल्याकडचा उन्हाळा हा वेगळाच विषय आहे. पारा पंचेचाळिसावर गेला की झळांनी अश्रू घालण्याआधीच सुकतात. कुलरची हवा दमट असते, तिची भीती बाळगू नये. पण तिचा झोत चेहऱ्यावर नको, पायांकडे असावा. रात्री पंख्याखाली पापण्या अर्धवट उघड्या राहतात का, हे घरच्यांना पाहायला सांगावे, आणि राहत असतील तर झोपताना डॉक्टरांनी दिलेला मलम लावावा. गाडीवर नुसता दुपट्टा पुरत नाही, बाजूने बंद असलेला गॉगल हवा. तूर-सोयाबीनच्या मळणीत कुटार उडत असताना आणि पऱ्हाटीवर फवारणी चालू असताना जवळ थांबू नये. थांबणे भागच असेल तर तोच गॉगल लावावा. चुलीच्या धुरातही दोन तास बसू नये, हे सांगणे सोपे असले तरी ज्या घरात सिलिंडर परवडत नाही तिथे चूल ओसरीत हलवणे एवढेच हाती असते.

यानेही भागत नसेल तर सायक्लोस्पोरिनचे, म्हणजे डोळ्याचा दाह कमी करणाऱ्या औषधाचे, थेंब देतात. त्यांनी सुरुवातीला जळजळ होते आणि गुण यायला तीन ते सहा महिने लागतात, म्हणून पंधरा दिवसांत कंटाळून सोडू नयेत. अश्रू वाहून नेणाऱ्या छिद्रांत बारीक बूच बसवण्याचाही उपाय आहे. स्वतःच्या रक्तातून केलेले सीरमचे थेंब सतत गारव्यात ठेवावे लागतात, त्यामुळे लोडशेडिंगच्या गावात ते घेण्याआधी विचार करावा. दृष्टी कधी स्पष्ट, कधी धूसर होत असेल आणि पापणी लववली की सुधारत असेल, तर कोरडेपणा आटोक्यात येईपर्यंत नंबरासाठी पुन्हा लेसर करण्यास होकार देऊ नये.

डोळा चोळणे मात्र कायमचे बंद करावे, कारण मार लागल्यास तो पापुद्रा कित्येक वर्षांनीही सरकू शकतो. कुटार किंवा पऱ्हाटीचे टोक लागून डोळा लाल झाला, उजेड सोसेना, नजर अचानक कमी झाली किंवा बुबुळावर पांढरा ठिपका दिसला, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठावा, आणि मेडिकलमधून स्टेरॉइडचे थेंब आणून घालू नयेत, कारण झाडपाल्याच्या जखमेत बुरशी असली तर त्यांनी ती फोफावते. स्टेरॉइड डॉक्टरांनी दिले तरी डोळ्याचा दाब तपासावा लागतो, आणि लेसर झालेल्या डोळ्यात तो यंत्रावर खऱ्यापेक्षा कमी दिसू शकतो. म्हणून तपासणीला जाताना शस्त्रक्रियेचे कागद सोबत न्यावेत, आणि कागद हरवले असतील तर लेसर झाले आहे एवढे तरी तोंडी सांगावे.