कॅमशाफ्ट घ्यायला नाशिकच्या द्वारकेला जाण्याआधी

वाशीला कांदा उतरवून परतीचा माल भरला, कसारा चढताना गाडीने दम टाकला. पंप-नोझल दाखवून झालं, एअर क्लिनर बदलला, तरी फरक नाही. वर एक टॅपेट (कॅम आणि व्हॉल्व्हच्या मधला दट्ट्या) असा की आज त्याची फट सेट करावी आणि पंधरा दिवसांत पुन्हा टकटक सुरू. एवढं सगळं जुळलं की कॅमवर, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमशाफ्टवर, संशय घ्यायचा. आमची जुनी टाटा, ६९७ इंजिनाची. त्याच अनुभवावर हे लिहितोय. लेलँडवाल्यांनी आपापलं मॅन्युअल शेजारी ठेवावं.

पहिलं काम दुकानात जाण्याचं नाही, मोजण्याचं आहे. टॅपेट कव्हर काढा, रॉकर शाफ्ट उतरवा, डायल गेजची सुई पुशरॉडच्या (टॅपेटवरून रॉकरपर्यंत जाणाऱ्या काडीच्या) डोक्यावर टेकवा आणि इंजिन हाताने फिरवा. पुशरॉड किती वर उचलला जातो ते वहीत लिहा. सहा सिलिंडरचे बारा आकडे होतील. इनटेकचे सहा आपसांत ताडून बघा, एक्झॉस्टचे सहा आपसांत. एखादा अर्धा मिलिमीटर मागे राहिला तर तो लोब, म्हणजे कॅमवरचा उंचवटा, घासलाय. आमच्या गाडीत तिसऱ्या सिलिंडरचा एक्झॉस्ट असाच बसला होता. जळलेला धूर पुरता बाहेर पडत नव्हता आणि थोडा उलटा इनटेकमध्ये फुसफुसत होता. एअर क्लिनरच्या पाइपात काजळी का, याचं उत्तर तिथे मिळालं.

मग इंजिनाची ओळख पटवा. जुन्या गाडीत इंजिन एकदा तरी बदललेलं असतं, म्हणून आरसी बुकावर विसंबू नका. ब्लॉकवरचा नंबर तारेच्या ब्रशने घासून वाचा, मोबाइलमध्ये फोटो काढा. टर्बो आणि बिनटर्बो इंजिनाचा कॅम एकच असेल असं धरू नका, पार्ट नंबर जुळवा. जुना कॅम काढल्यावर तोही सोबत न्या. काउंटरवर दोन्ही शेजारी ठेवून जर्नलचा (कॅम ज्यावर टेकून फिरतो त्या गोल भागाचा) व्यास, लांबी, गिअरची बैठक, चावीची खाच बघता येते. नवा कॅम गिअरसकट मिळतो की नुसता दांडा, हेही आधीच विचारा.

इथे काउंटरवाला हमखास एक मोह घालतो. “शेठ, हा हायलिफ्ट आहे, गाडी पळेल.” हात जोडून नको म्हणा. जास्त लिफ्ट (व्हॉल्व्ह किती उघडतो) आणि जास्त ड्युरेशनचा (किती वेळ उघडा राहतो) कॅम ताकद वरच्या आरपीएमला नेतो आणि खालचा ओढा कमी करतो. आपलं इंजिन फिरतंच २८०० च्या आसपास आणि घाटात दुसऱ्या गिअरला लागतो तो खालचाच ओढा. त्यात डिझेलचा पिस्टन वर आला की हेडपासून जेमतेम मिलिमीटरभर राहतो. त्या वेळी व्हॉल्व्ह थोडा जास्त उघडा राहिला तर पिस्टनवर आपटणार. पेट्रोल जीपवाले हौशी लोक वेगळे कॅम लावतात, लावू देत. त्यांनी एवढं मात्र बघावं की ड्युरेशन कुठून मोजलंय. कुणी व्हॉल्व्ह सीटवरून उठल्यापासून मोजतो, कुणी १.२७ मिलिमीटर लिफ्टपासून, आणि एकाच कॅमचे दोन वेगळे आकडे येतात. ट्रकला कंपनीच्याच मापाचा कॅम. बाहेरच्या मेकचा चालेल, माप मात्र तेच हवं.

आता टॅपेट. यावर मी जरा लांबण लावणार, कारण इथेच माझे पैसे बुडालेत. मागच्या खेपेला कॅम नवा घेतला आणि टॅपेट “चांगले दिसतायत” म्हणून जुनेच ठेवले. तीनेक महिन्यांत ऑइल बदलताना ऑइलच्या चेंबरच्या तळाशी चांदीची पूड चमकली. दोन लोब साफ झिजलेले. टॅपेटचा तळ दिसायला सपाट, पण नवा असताना तो मधे किंचित फुगीर असतो आणि लोब किंचित तिरका, म्हणून टॅपेट चालताना स्वतःभोवती फिरतो आणि घासणं सगळीकडे वाटलं जातं. जुन्या टॅपेटच्या तळावर स्टीलची पट्टी उभी धरा आणि उजेडाकडे बघा. मधून उजेड दिसला तर तो खोलगट झालाय. तो फिरणार नाही, नवा लोब कोरून खाईल. तेव्हा बाराच्या बारा नवे, एकाच मेकचे. काही इंजिनांत टॅपेट खालूनच निघतात, तिथे इंजिन उतरवून उलटं करावं लागतं. तो खर्च आधीच धरा.

कॅमचे बुश (ज्यांत तो फिरतो त्या कड्या) ढिले असतील तर ऑइल प्रेशर पडतं. ते अंबडमध्ये लेथवर करून मिळतात, फक्त नवा कॅम हातात आल्यावर त्याच्या जर्नलच्या मापानेच करून घ्या. तिथेच कॅम व्ही ब्लॉकवर फिरवून वाकलेला नाही ना बघा. ऑइलची भोकं डिझेलने धुऊन हवा मारा, आत पॅकिंगचं ग्रीस बसलेलं असतं. गिअर गरम करून चढवायचा, हातोड्याने नाही.

बसवण्याच्या दिवशी जवळ हवं ते: लोबवर चोपडायला मोली पेस्ट, नवं १५डब्ल्यू४० ऑइल, फिल्टर, फिलर गेज, टायमिंग कव्हरचं गॅस्केट. गिअरच्या खुणा जुळवल्या की क्रँक हाताने पूर्ण दोन फेऱ्या फिरवा. कॅम त्याच्या निम्म्या वेगाने फिरतो, म्हणून एक फेरी पुरत नाही. कुठे अडलं तर जोर लावू नका. पंपाचं टायमिंगही त्याच वेळी बघून घ्या. स्टार्ट झाल्यावर आयडलवर ठेवू नका, पंधराशे ते दोन हजारांवर वीसेक मिनिटं चालू द्या. नव्या लोबला ऑइल उडून मिळतं ते वेगामुळेच. म्हणून रेडिएटरमध्ये पाणी आणि डिझेल लाइनची हवा आधीच काढलेली हवी, नाहीतर बंद-चालू, बंद-चालू होऊन लोब पहिल्याच दिवशी जातो.

हे सगळं पावसाळ्यात, भाडी कमी असताना उरका. जानेवारीत द्राक्षं सुरू झाली की गाडी आठ दिवस उभी ठेवणं परवडत नाही. पाचशे किलोमीटरवर टॅपेट पुन्हा सेट करा, फिल्टर कापून आत चकाकी आहे का बघा. आणि एक भरलेली फेरी कसारा चढून येईपर्यंत जुना कॅम भंगारवाल्याला देऊ नका.