सोलरची वायर: आधी टेप, मग कॅल्क्युलेटर

अमळनेरात वायरमनकी करतोय त्याला बावीस वर्षं झाली. सुरुवातीची बरीच वर्षं विहिरीवरच्या मोटारी आणि जळालेले स्टार्टर यांतच गेली, सोलर मागाहून आलं. आता ३ किलोवॅटला ७८,००० रुपये सबसिडी म्हटल्यावर गल्लोगल्ली पॅनल चढताहेत. मालक वायरचं बंडल हातात तोलतो आणि ठरलेला प्रश्न टाकतो, "भाऊ, इतला जाडा वायर कसाले?"

त्याचं उत्तर कागदावर मांडून दाखवतो. जोडणी लायसन्सवाल्याकडूनच करून घ्या, पण त्याने लावलेला हिशेब तुम्हाला तपासता आला पाहिजे.

आधी पॅनल उलटं करून मागचं स्टिकर वाचा. ५४० वॅटच्या पॅनलवर साधारण असे आकडे असतात: ओपन सर्किट व्होल्टेज (काहीच जोडलेलं नसतानाचं) ४९.५, चालू असतानाचं व्होल्टेज ४१.६, शॉर्ट सर्किट करंट (दोन्ही टोकं थेट जोडल्यावरचा) १३.९ अँपिअर, चालू करंट १३. वायर किती करंट सोसेल हे बघताना शॉर्ट सर्किटचा आकडा धरायचा आणि त्याला सव्वाने गुणायचं. १३.९ गुणिले १.२५ म्हणजे १७.४ अँपिअर. सव्वापट का, तर स्टिकरवरचा आकडा ठरावीक उन्हाचा असतो. श्रावणात ढगांच्या फटीतून ऊन आलं की सरळ किरण आणि ढगाच्या कडेवरून उसळलेला उजेड एकदमच पॅनलवर पडतो, करंट स्टिकरच्या वर जातो. व्हिडिओत काहीजण १.५६ ने गुणतात. तो अमेरिकन कोडचा हिशेब आहे, तिथे सलग चालणाऱ्या करंटसाठी आणखी एक सव्वापट घेतात. तसा धरलात तरी २१.७ होतात, बिघडत काहीच नाही.

कारण ४ स्क्वेअरची (म्हणजे तांब्याचा छेद ४ चौरस मिलिमीटर) सोलर केबल, भिंतीवर दोन शेजारी शेजारी टाकल्या तरी, ६० अंशांच्या हवेत ४४ अँपिअर नेते. पॅनलखाली हवा ७० अंशांवर गेली तर ०.९२ ने गुणा, तरी ४० उरतात. मात्र ती खरोखर सोलर केबलच हवी: कलई केलेलं तांबं, दुहेरी आवरण, अंगावर आयएस १७२९३ छापलेलं. घरातली पीव्हीसी वायर गच्चीवर नेऊ नका. तिची मर्यादाच ७० अंश, त्यामुळे ६० अंशांच्या हवेत तिची ताकद निम्मी होते. जळगाव-भुसावळला मे महिन्यात सावलीतच पारा ४५ च्या वर जातो, तापलेल्या पत्र्याचं तर विचारूच नका. अशी वायर दोन उन्हाळ्यांत पापडासारखी तडकलेली मी स्वतः काढली आहे.

मग ४ स्क्वेअर पुरत असताना मी ६ का मागतो? अंतरामुळे. इथे टेप लागते. नजरेने "असेल वीसेक मीटर" म्हणू नका. वायर जशी जाणार तशी टेप फिरवा: पॅनलपासून कठडा, कठड्यावरून खाली, जिन्याला वळसा, इन्व्हर्टरपर्यंत (पॅनलची एकाच दिशेने वाहणारी डीसी वीज घरच्या, दिशा बदलत राहणाऱ्या एसीत बदलणारी पेटी). नजरेचे वीस मीटर टेपवर पस्तीस भरतात. करंट जातो तसा परतही येतो, म्हणून ३५ चे ७० करा.

४ स्क्वेअरच्या सोलर केबलचा रोध किलोमीटरला ५.०९ ओहम, ६ स्क्वेअरचा ३.३९. हे आकडे २० अंशांचे. तांबं ७० अंशांपर्यंत तापलं की रोध सुमारे २० टक्के वाढतो. म्हणजे ४ स्क्वेअरला ०.०७ किलोमीटर गुणिले ५.०९ गुणिले १.२, उत्तर ०.४३ ओहम. त्यातून १३ अँपिअर गेले की साडेपाच व्होल्ट वाटेतच संपले. सहा पॅनलची स्ट्रिंग, म्हणजे एकामागे एक जोडलेली माळ, २५० व्होल्टची, म्हणजे २.२ टक्के घट. आणि मे महिन्यात पॅनल तापून तीच स्ट्रिंग २१५ च्या आसपास उतरते, तेव्हा २.६ टक्के. ६ स्क्वेअर घेतली तर घट ३.७ व्होल्ट, म्हणजे दीड टक्का. डीसीकडे मी दोन टक्क्यांच्या आत राहतो. तुमचं अंतर पंधरा मीटरच असेल तर ४ स्क्वेअर घ्या, उगीच पैसे घालू नका.

आता एसीची बाजू. इथे मी स्वतः हात पोळून घेतला आहे. पारोळा रस्त्याला एका शेतकऱ्याच्या घरी ५ किलोवॅटचा सिंगल फेज इन्व्हर्टर बसवला. मीटर फाटकाजवळ, इन्व्हर्टरपासून २५ मीटरवर. ५००० भागिले २३० म्हणजे २१.७ अँपिअर, ४ स्क्वेअरची पाइपातली वायर ३२ नेते, झालं म्हणून ओढून टाकली. मार्चमध्ये काकूंचा फोन: "भाऊ, ऊन तापलं की तुमचं मशीन झोपतं." जाऊन पाहिलं तर रोज बारा ते दोन इन्व्हर्टर बंद, पडद्यावर ग्रिडचं, म्हणजे बाहेरच्या लाइनचं, व्होल्टेज जास्त असल्याची सूचना. फाटकाजवळच्या मीटरपाशी मोजलं तर २४८ व्होल्ट.

घोळ असा की इन्व्हर्टर वीज बाहेर ढकलतो, त्यामुळे वायरमधली घट त्याच्या बाजूला वाढ होऊन बसते. माझ्या ४ स्क्वेअरमध्ये ५० मीटरला ६.४ व्होल्ट जात होते. २४८ अधिक ६.४ म्हणजे २५४.४. इन्व्हर्टरला २३० च्या ११० टक्क्यांवर, म्हणजे २५३ वर, सुटावंच लागतं. तो बिचारा नियमाने वागत होता. स्वतःच्या खर्चाने १० स्क्वेअर टाकली, वाढ अडीच व्होल्टवर आली, मशीन दिवसभर चालू.

उन्हाचा हिशेबही तेव्हा चुकलाच होता. पाइप पश्चिमेच्या भिंतीवर. वायरचा ३२ चा आकडा ३० अंशांच्या हवेचा असतो, ५० अंशांना ०.७१ ने गुणायचं, उरतात २२.७. पण २१.७ ची सव्वापट २७, म्हणून एमसीबी (करंट वाढला की आपोआप पडणारा स्विच) ३२ ची लावली होती. वायर एमसीबीपेक्षा कमजोर, म्हणजे एमसीबी पडायच्या आधी वायर तापणार. ६ स्क्वेअर २९ पर्यंतच जाते, १० स्क्वेअर ४० पर्यंत. तिथे १० ला पर्यायच नव्हता.

फ्यूजचं थोडक्यात: एक-दोन स्ट्रिंगला गरज नाही. तीन समांतर झाल्या की बिघडलेल्या स्ट्रिंगमध्ये उरलेल्या दोघींचे २७.८ अँपिअर घुसू शकतात आणि अशा पॅनलवर बहुधा २५ चीच मर्यादा लिहिलेली असते. मग प्रत्येकीला सोलरचाच २५ चा फ्यूज. डीसीला एसीची एमसीबी लावू नका. एसीचा करंट सेकंदाला शंभरदा शून्यावर येतो म्हणून ठिणगी विझते, डीसीची धरून बसते.

शेवटी कनेक्टर, म्हणजे पॅनलच्या वायरी एकमेकींना जोडणारी टोकं. नर एका कंपनीचा, मादी दुसऱ्या कंपनीची, असं जोडायचं नाही. 'टक' आवाज येतो, पण आतलं माप जमेलच असं नाही. पक्कडीने दाबून भागवू नका, क्रिम्पिंगचं हत्यार वापरा. काम झाल्यावर निरभ्र दिवशी दुपारी बाराला इन्फ्रारेड थर्मामीटर घेऊन वर जा आणि सगळे कनेक्टर एकेक करून बघा. एखादा शेजारच्यापेक्षा दहा-पंधरा अंशांनी जास्त तापलेला दिसला, तर त्याला चालू उन्हात ओढू नका. इन्व्हर्टर आणि डीसी आयसोलेटर (पॅनलची वीज तोडणारा स्विच) बंद करून, संध्याकाळी तो कापून नवा बसवा.