मूल सगळ्यालाच 'भूभू' म्हणतंय?

आमची १८ महिन्यांची भाची सारसबागेपाशी मांजर दिसली तरी भूभू, गाय दिसली तरी भूभूच म्हणायची. या वयात हे एकदम नॉर्मल आहे, पण "नाही गं, चुकलं" म्हटलं की ती गप्पच व्हायची, म्हणून आता असं करतो:

१. ती बघतेय त्याचंच नाव लगेच घ्यायचं आणि फरक दाखवायचा, "ही माऊ, मिशा बघ, म्यांव करते".

२. मंडईतून आणलेलं भरताचं मोठं वांगं, भरल्या वांग्याचं छोटं वांगं, बाजूला फरक कळायला टोमॅटो ठेवायचा. दोन्ही वांगी तिच्या हातात देऊन दोन्ही वेळा "वांगं"च म्हणायचं, आकार वेगळा तरी नाव एकच हे त्यातून मस्त कळतं.

देठाचे काटे आधी काढा, आणि या खेळात द्राक्षं-शेंगदाणे अजिबात नकोत, घशात अडकतात.